नट आवळू नका, बुश बदला

परवा संध्याकाळी कापसाच्या जिनिंगच्या आवारात नववीत जाणाऱ्या एका पोट्ट्यानं आपला स्केटबोर्ड माझ्यापुढे उलटा टाकला.

"काका, हे वळूनच नाही राह्यलं. मायाच पायात दम नाही वाटते."

मी चाकांच्या जोडावरचा नट ढिला केला, तरी आख धरणारा हँगर जागचा हलेना. बुश, म्हणजे त्याला वळू देणारी लवचीक गादी, नखानं दाबून पाहिली, तर नखच वाकलं. ती बुश नव्हतीच, बुशच्या रंगाची कडक प्लॅस्टिकची चकती होती. आईच्या कापूस वेचाईच्या पैशांतले चौदाशे रुपये देऊन त्यानं हा बोर्ड ऑनलाइन मागवला होता आणि तीन महिने स्वतःच्या पायांना दोष देत बसला होता.

या गोष्टीचा मला फार राग येतो, म्हणून लिहायला बसलो. पोस्ट लांब होणार आहे. ज्यांना स्केटबोर्डशी घेणंदेणं नाही त्यांनी खुशाल पुढे सरकावं, सोयाबीनच्या भावावर लिहिणारे माझ्या यादीत भरपूर आहेत.

बोर्डाच्या फळीखाली धातूचे जे दोन जोड असतात, ज्यांना चाकं लागतात, त्यांना ट्रक म्हणतात. (मी पहिल्यांदा घरी "ट्रक मागवले" म्हटलं तेव्हा बाबांनी चष्मा काढून विचारलं होतं, "फायनान्स कोणाचं?") आपल्या बंडीचा आख जागचा हलत नाही, बंडी वळवायची तर बैल वळवावे लागतात. इथं बैल नाहीत. तुम्ही फळीवर एका अंगाला झुकता आणि त्या झुकण्याचंच वळण होतं. बेसप्लेट फळीला घट्ट, तिच्यातून तिरपा निघालेला किंगपिन नावाचा बोल्ट, त्यावर दोन बुशांच्या मध्ये धरलेला हँगर, आणि हँगरचं नाक बेसप्लेटमधल्या पिव्हट कपात टेकलेलं. फळी कलली की तिरप्या बैठकीमुळे आख वळतो, आणि दबलेली बुश त्याला परत सरळ ढकलते. ही युक्ती स्केटबोर्डच्या कितीतरी आधीची आहे. न्यूयॉर्कच्या जेम्स प्लिम्प्टननं १८६३ मध्ये झुकून वळणाऱ्या रोलर स्केटचं पेटंट घेतलं, त्यातही रबराच्या गाद्या होत्या.

म्हणजे वळण्याची सगळी मदार त्या दोन बुशांवर. आणि स्वस्त बोर्डवाला चाट मारतो तो नेमका तिथेच, कारण फोटोत बुश दिसत नाही. फोटोत दिसतं ते फळीवरचं कवटीचं चित्र.

माझं मत सरळ आहे. पैसे कमी असतील तर सगळे ट्रकमध्ये घाला. फळी आज ना उद्या तुटणारच, चाकं झिजणारच. चांगला ओतीव ॲल्युमिनियमचा ट्रक मात्र वर्षानुवर्षं चालतो, कोणी ओट्याच्या कडेवर कितीही घासो. नवीन पूर्ण बोर्ड घेण्यापेक्षा पुण्या-मुंबईतल्या एखाद्यानं वापरून सोडलेली चांगली जोडी घ्या आणि फळी मिळेल ती लावा. लोक याच्या बरोब्बर उलट करतात.

माप कसं बघायचं? आखाची लांबी फळीच्या रुंदीएवढी, पाव इंच इकडेतिकडे चालतं. कंपन्यांचे आकडे मात्र डोकं फिरवतात. इंडिपेंडंट कंपनीचा १२९ नंबर म्हणजे ७.६ इंच, १३९ म्हणजे ८ इंच, १४४ म्हणजे सव्वाआठ, १४९ म्हणजे साडेआठ. दुसऱ्या कंपनीची बाराखडीच वेगळी. म्हणून नंबर विचारूच नका, आख किती इंच ते विचारा. फळीपेक्षा आख फार रुंद असेल तर ढकलताना मागच्या पायाचा घोटा चाकाला लागतो. फार अरुंद असेल तर बोर्ड डगमगतो आणि आपण नट आवळत बसतो.

नट आवळणं हा तर आपल्याकडचा राष्ट्रीय उपाय आहे. पंख्यापासून पंपापर्यंत काहीही हललं की आवळा. ट्रक मात्र आवळून स्थिर होत नाही, मुका होतो. किंगपिनचं टोक नटाच्या वरच्या काठाशी आलं की थांबायचं. तेवढ्यात डगमग जात नसेल तर बुश तुमच्या वजनाला नरम आहे, कडक घ्या. तेवढ्यातही वळत नसेल तर नरम घ्या. बुशचा कडकपणा शोअर ए मापात लिहितात. ७८ए म्हणजे अगदी लुसलुशीत, ९६ए म्हणजे जवळजवळ दगड, कंपनीतून बहुधा ९०ए च्या आसपासची येते. माझं वजन ७८ किलो आहे, मला ९४ए जमते. चाळीस किलोच्या पोराला ती देणं म्हणजे वासराला मोठ्या बैलाचं जू देणं.

आणि इथं आपल्या विदर्भाचं एक वेगळंच प्रकरण आहे, जे मी कुठल्या व्हिडिओत पाहिलं नाही. बुश रबरासारख्या लवचीक युरेथेनची असते, आणि युरेथेन उन्हानं नरम पडतं. ते व्हिडिओ करणारे लोक समुद्रकाठच्या हवेत राहतात. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, आणि जिनिंगचं काँक्रीट संध्याकाळी सातलाही पायाला चटका देतं. डिसेंबरात छान वाटणारा ट्रक मेमध्ये दारूड्यासारखा झुलतो. मी दोन वर्षं नटाशी खेळत बसलो, मग कळलं. आता माझ्याकडे बुशांचे दोन संच आहेत, खरीप आणि रब्बी म्हणा हवं तर. होळी झाली की कडक संच, दिवाळीनंतर नरम.

दुसरं प्रकरण रस्त्याचं. गावातल्या सिमेंट रोडवर पाय घसरू नये म्हणून ओल्या सिमेंटवर झाडूनं रेघा ओढलेल्या असतात. ५२ मिमीच्या कडक चाकावर त्या रेघांवरून गेलं की दात वाजतात. म्हणून इथं मोठं आणि नरम चाक लागतं, ५८-६० मिमी. पण चाक मोठं झालं की वळताना ते फळीला घासतं, जागच्या जागी अडतं, आणि तुम्ही तोंडावर. ग्रामपंचायतीसमोर माझा कोपर असाच फुटला आणि सरपंचांनी चहाच्या कपासकट उठून पाहिलं. त्यावर उपाय म्हणजे उंच ट्रक, साधारण ५५ मिमीचे, आणि फळी व बेसप्लेट यांच्यामध्ये रायझरची पट्टी. पट्टी विकत घ्यायची गरज नाही. मी तुटलेल्या फळीचे तुकडे कापतो, आणि हादरे कमी व्हावेत म्हणून त्याखाली ट्रॅक्टरच्या ट्यूबचा एक पदर. पट्टी जेवढी जाड तेवढे बोल्ट लांब घ्यावे लागतात, हे विसरून मी एकदा अख्खा रविवार घालवलाय.

आता पान्यांची गोष्ट. हे सगळं अमेरिकेतून आलेलं, त्यामुळे मापं इंचात. किंगपिनच्या नटाला चौदाचा पाना बसत नाही आणि पंधराचा गरगर फिरतो. तालुक्याच्या तीन हार्डवेअरवाल्यांनी मला "असा नटच नसते" असं छातीठोक सांगितलं. मग मी आमच्या लेथवाल्या मिस्त्रीकाकांकडे गेलो. वय सत्तरच्या घरात, आयुष्यभर जुने ट्रॅक्टर खोललेले. त्यांनी बोट फिरवून सांगितलं, "साडेचार सुती हाय." खरंच की! एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, आणि नट ९/१६ इंच, म्हणजे साडेचार सूत. किंगपिन तीन सुती, आख अडीच सुती, दोघांचेही आटे बारीक. ज्या मापानं त्यांनी जन्मभर ट्रॅक्टर दुरुस्त केले तेच कॅलिफोर्नियाच्या ट्रकचं माप. पाना त्यांच्या पेटीत तेलकट फडक्यात गुंडाळून पडला होताच.

त्याआधी मी एक गाढवपणा करून चुकलो होतो, तो सांगतो म्हणजे तुम्ही करणार नाही. आखाचा नट हरवला. अडीच सूत म्हणजे ७.९४ मिमी आणि दुकानातला साधा एम-८ नट ८ मिमीचा. हाताला एकच वाटतं. पण आट्यांचं अंतर वेगळं. दोन फेरे गोडीनं जातो, तिसऱ्याला अडतो. मी पाना लांब करायला पाइप लावला आणि फिरवला. आटे भुगा होऊन हातात आले. मिस्त्रीकाकांनी जुनी अडीच सुती डाय शोधून आटे पुन्हा उठवले, आणि मजुरी म्हणून फक्त एवढं बोलले, "जोर बैलाले असते बाबू, माणसानं हात लावून पाहावं."

बुशांचे प्रयोगही त्यांच्याच लेथवर झाले. पहिल्यांदा मोटारसायकलच्या शॉकअपचं रबरी बुश कापून घातलं. दिसायला झकास, पण रबर दबतं आणि दबूनच राहतं, युरेथेनसारखं उसळी मारून परत येत नाही. एकदा डावीकडे झुकलो तो डावीकडेच गेलो, थेट सरकीच्या ढिगात. मग काकांनी मोटरच्या कपलिंगमध्ये असतो तो पीयूचा, म्हणजे युरेथेनचाच, तारा काढला आणि त्याच्या पाकळीतून बुश कातून दिली. फळीकडची सरळ डब्यासारखी, रस्त्याकडची वर निमुळती. ती अजून चालू आहे, तिसरं वर्ष. विकतच्या बुशपेक्षा भारी आहे असं मी म्हणणार नाही, पण कुरिअरची वाट न पाहता मिळते. पिव्हट कप चिरचिर वाजायला लागला की त्यात धुण्याच्या साबणाचा कीस भरायचा. वंगण नको. आमच्या काळ्या मातीची धूळ वंगणाला धरते आणि मग कप सहाणेसारखा घासतो.

एक मॉडिफिकेशन मात्र अजिबात करू नका. पोकळ आखाचे हलके ट्रक पाहून मलाही वजन कमी करायची हौस आली. बेसप्लेटला ड्रिलनं सहा भोकं पाडली. जेमतेम आठ-दहा ग्रॅम वाचले असतील. तिसऱ्या दिवशी बाजार समितीच्या ओट्यावरून उडी मारली आणि बेसप्लेट बिस्किटासारखी दोन तुकडे झाली. ओतीव धातूच्या ज्या भागावर भार येतो तिथं भोक पाडायचं नसतं, हे काकांनी आधीच सांगितलं होतं. मी ऐकलं नव्हतं.

गावात लोक म्हणतात, हे श्रीमंतांच्या पोरांचे चोचले. असतीलही. पण २०२१ मध्ये टोकियोच्या ऑलिम्पिकमध्ये हा खेळ आला, आणि त्याच्याही आधी, २०१५ मध्ये, मध्य प्रदेशात पन्ना जिल्ह्यातल्या जनवार नावाच्या खेड्यात एका जर्मन बाईंनी स्केटपार्क उभारला. आदिवासी आणि यादवांच्या वस्तीचं गाव. नियम दोनच: शाळा बुडवली तर बोर्ड नाही, आणि मुलींचा नंबर आधी. आमच्या आवारात दुसरा नियम अजून कोणाच्या पचनी पडलेला नाही.

आता माझ्या पापाकडे येतो. माझ्याकडे ट्रकच्या अकरा जोड्या आहेत. आई त्यांना 'जर्मनचं (म्हणजे ॲल्युमिनियमचं) भंगार' म्हणते आणि दर दिवाळीला किलोनं काय भाव येईल ते विचारते. पहिली जोडी पुण्याच्या जुन्या बाजारात १२० रुपयांना मिळाली, बुशांशिवाय, गंजलेल्या नटांसह. बेसप्लेटला सहा भोकं, पण माझ्यासारखी हौसेनं पाडलेली नव्हेत. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला फळीवरच्या भोकांमधलं अंतर अडीच इंचांवरून सव्वादोनच्याही आत आलं, तेव्हा जुन्या-नव्या दोन्ही फळ्यांना बसावेत म्हणून असे सहा भोकांचे ट्रक निघाले. ते सहा भोकांचं कोडं सोडवता सोडवताच मला नाद लागला. मग ट्रॅकर कंपनीचा ट्रक १९७५ चा, इंडिपेंडंटचा १९७८ चा, कोणी कुठल्या भट्टीत ओतला, हे सगळं वाचत गेलो आणि पगार गेला.

जमवणाऱ्यांमध्ये दोन जाती आहेत. एक जण पेटी फोडत नाही. दुसरा मिळालेला ट्रक बाराशे नंबरच्या पॉलिश कागदानं घासून आरशासारखा करतो. मला दोन्ही पटत नाहीत. हँगरच्या मधोमध जी घासलेली खोबण असते ती पुसून टाकली तर उरलं काय? त्या जुन्या बाजारातल्या जोडीवर खोबण उजवीकडे जास्त खोल आहे. कोणीतरी वर्षानुवर्षं एकाच कडेवर एकाच अंगानं घासत होता. आम्ही बाजार समितीच्या ओट्यावर घासतो तसाच. तो कोण ते मला कधी कळणार नाही, पण त्याचा पाय मला ठाऊक आहे.

असं म्हणणाऱ्या माझ्याच पेटीत मात्र तीन जोड्या कधीच न वापरलेल्या पडल्यात. परवा त्या पोराच्या बोर्डाकडे पाहताना हे आठवलं आणि मान खाली गेली. त्याच्या फळीची रुंदी मोजली, पावणेआठ इंच. घरी येऊन १२९ ची जोडी काढली, प्लॅस्टिक फाडलं. कंपनीची बुश त्याच्या वजनाला कडक आहे, म्हणून नरम बुश कातायला काकांकडे टाकली. पण पेरणी तोंडावर आली, त्यांच्या दारात पेरणीयंत्रं आणि वखरांची रांग लागली आहे. लाइन राहिली तर सोमवारी देतो म्हणाले. तोवर पोट्टा दिवसातून दोनदा लेथवर चक्कर मारून येतो, आणि काका त्याला दर वेळी झाडू हातात देतात.