‘जास्तीत जास्त आउटपुटवाला ईसीयू घ्या, बाकी ऑटोट्यून बघून घेईल’: हे पटत नाही, आणि का ते

गाड्या बनवणाऱ्यांमध्ये एक सल्ला सध्या हातोहात फिरतोय. कंपनीचा ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) उपटून टाका, परवडेल तो सगळ्यात जास्त आउटपुटवाला, म्हणजे जास्तीत जास्त भाग चालवू शकणारा स्टँडअलोन (बाहेरचा, स्वतंत्र ईसीयू) बसवा, वाइडबँड (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर) लावून ऑटोट्यून (त्या सेन्सरवरून इंधन आपोआप जुळवणारं सॉफ्टवेअर) चालू करा, पॉवर आपोआप येते. यातला एकही भाग जसाच्या तसा खरा नाही, आणि ऑटोट्यूनचा भाग तर इंजिनाच्या मुळावर येणारा आहे.

आधी पॉवरचं. ईसीयू मुख्यतः इंधन किती आणि ठिणगी कधी हेच ठरवतो. सिलिंडरमध्ये जादा हवा तो कुठून आणणार? कॅम, इनटेक, एक्झॉस्ट सगळं मूळचंच असेल तर फारसं काही हाती लागत नाही. टर्बो बसवला आणि मूळचा मॅप सेन्सर (इनटेकमधला दाब मोजणारा) वातावरणाच्या दाबापलीकडे वाचतच नसेल, किंवा इंजेक्टर मोठे घातले, तेव्हा गोष्ट वेगळी.

‘स्टँडअलोन बसवा’ हे जुन्या कार्ब्युरेटरवाल्या इंजिनाला खुशाल लागू करा. तिथे गमवायला काही नाही, आणि स्पीडुइनोसारखा ओपन सोर्स बोर्डही चार सिलिंडर नीट चालवतो. पण अलीकडच्या गाडीत एबीएस, डॅशबोर्ड, गिअरबॉक्स, इमोबिलायझर आणि एसी हे सगळे कॅन बसवर (गाडीतल्या संगणकांना जोडणाऱ्या वायरींवर) ईसीयूशी बोलत असतात. तो काढला की अर्धा डॅश मुका होतो. तिथे मूळ ईसीयूच रिफ्लॅश होतो का, म्हणजे त्याच्यातलंच सॉफ्टवेअर बदलता येतं का, ते आधी बघा. नाहीतर तो कॅनच्या कामापुरता जागेवर ठेवून इंधन आणि ठिणगी दुसऱ्याकडे द्या.

आता आउटपुट. कागद घ्या आणि मोजा. चार इंजेक्टर, चार कॉइल, आयडल व्हॉल्व, पंपाचा रिले, फॅनचा रिले, टॅको (आरपीएमचा काटा), बूस्टचा (टर्बोच्या दाबाचा) सोलेनॉइड: झाले तेरा. व्हीव्हीटी (व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणा) असेल तर एखाददुसरा आणखी. वीस-पंचवीस आउटपुट कशाला हवेत?

खरी अडचण आउटपुटच्या आकड्यात नसतेच, ती ट्रिगरमध्ये असते, म्हणजे क्रँक कुठल्या कोनात आहे ते सांगणाऱ्या दातेरी चाकात आणि त्याच्या सेन्सरमध्ये. 36-1 (36 दात्यांच्या जागा, एक दाता गाळलेला) आणि 60-2 ही चाकं जवळपास सगळे ईसीयू वाचतात. सुबारूचं 36-2-2-2 किंवा निसानचा 360 खाचांचा ऑप्टिकल सेन्सर सगळ्यांना जमेलच असं नाही. त्यात व्हीआर सेन्सरच्या (चुंबकाने दाते ओळखणाऱ्या सेन्सरच्या) दोन वायरी उलट जोडल्या तर मोठी गंमत होते: गाडी सुरू होते, आयडलला शहाण्यासारखी चालते, आणि आरपीएम वाढेल तशी ठिणगीची वेळ सरकत जाते. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये टायमिंग 10 अंशांवर लॉक करायचं, पुलीवर टायमिंग लाइट धरायचा आणि ॲक्सिलरेटर द्यायचा. खूण जागची हलली तर पुढचं सगळं ट्यूनिंग वाया. ही पाच मिनिटांची तपासणी टाळून लोक आठवडाभर इंधनाचा टेबल खरवडत बसतात!

इंजेक्टरचा रोधही मोजा. 12 ते 16 ओहमवाला जेमतेम एक अँपिअर घेतो. 2-3 ओहमवाला त्याच ड्रायव्हरला (ईसीयूतल्या इंजेक्टर चालवणाऱ्या सर्किटला) थेट जोडला तर चार-सहा अँपिअर ओढतो. त्याला पीक अँड होल्ड ड्रायव्हर (उघडताना जास्त करंट देऊन मग कमी करणारा) लागतो, नाहीतर करंट आवरणारा बॅलास्ट रेझिस्टर. थ्रॉटल केबलने नाही तर मोटरने उघडत असेल तर त्या मोटरसाठी एच-ब्रिज (मोटर दोन्ही दिशांना फिरवणारं सर्किट) आणि पेडलचे दोन्ही सेन्सर तपासण्याची सोय ईसीयूत आहे का, तेही पाहा.

राहिलं ऑटोट्यून. वाइडबँड एक्झॉस्टमधला ऑक्सिजन वाचतो, बाकी काही नाही. मिसफायर झाला, म्हणजे मिश्रण पेटलंच नाही, की न वापरलेला ऑक्सिजन तसाच बाहेर येतो. सेन्सर म्हणतो मिश्रण लीन (इंधन कमी), ऑटोट्यून इंधन वाढवतो, प्लग भिजतो, मिसफायर आणखी वाढतो. सेन्सरच्या अलीकडे एक्झॉस्ट लीक असला तरी हीच फसगत. इंजेक्टरचा डेड टाइम (सिग्नल मिळाल्यापासून उघडेपर्यंतचा वेळ) चुकीचा असेल तर हेडलाइट आणि फॅन लागून व्होल्टेज पडताच आयडलचं मिश्रण बदलतं, आणि ऑटोट्यून तो दोष व्हीई टेबलमध्ये (इंजिन किती हवा ओढतं, त्यावरून इंधन ठरवणाऱ्या टेबलमध्ये) नेऊन पुरतो. पुढे तो शोधून काढणं महाकठीण.

मुख्य म्हणजे ऑटोट्यून ठिणगीला हात लावत नाही, आणि इंजिनं फुटतात ती बरेचदा तिथेच. नॉक (मिश्रण अवेळी भडकून होणारा ठोका) साधारण कोणत्या फ्रिक्वेन्सीला ऐकू येईल ते बोअरवरून (सिलिंडरच्या व्यासावरून) काढता येतं: 86 मिमीला सुमारे 6.7 किलोहर्ट्झ. पण त्याच पट्ट्यात व्हॉल्व्हची खडखडही येते, त्यामुळे नॉक सेन्सरवरही डोळे मिटून भरवसा नको. डायनोवर (पॉवर मोजणाऱ्या यंत्रावर) ॲडव्हान्स थोडा थोडा वाढवायचा, म्हणजे ठिणगी हळूहळू अलीकडे आणायची, टॉर्क वाढायचा थांबला की तिथेच थांबायचं, त्याआधी नॉक आला तर मागे यायचं. हे काम माणसाचं आहे.

म्हणून माझ्या मते ट्यूनर आधी ठरवा, ईसीयू नंतर. त्याच्या रोजच्या हातातल्या सॉफ्टवेअरचा मध्यम ईसीयू घ्या. त्याने कधी न उघडलेला भारी डबा नको. ट्यूनिंगनंतरची मॅपची (इंधन आणि ठिणगीच्या टेबलांची) फाइल पासवर्डशिवाय तुम्हाला मिळणार का, हेही पैसे देण्याआधी विचारा. बरेच जण ती लॉक करून देतात, आणि मग पुढे इंजेक्टर बदलला तरी त्याच दारात जावं लागतं.