‘मावशी येतील ना!’

आमच्या पुण्याच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी अजून आहे. आई-बाबा गेल्यावर फ्लॅट दादाच्या नावावर झाला, पण माझा नंबर कुणी काढला नाही आणि मीही बाहेर पडले नाही. गेल्या पंधरवड्यात तिथे एकच विषय पेटला होता: कुत्र्यांची शी. पार्किंगमध्ये कुणाच्या तरी नातवाने त्यात पाय दिला आणि तसाच घरभर फिरला. सेक्रेटरींनी नोटीस लावली, आपापल्या कुत्र्याचं आपण उचला, नाहीतर पाचशे रुपये दंड. झालं, दिवसभर फोन थांबेना.

एकाने प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना शोधून टाकल्या. सोसायटीला असा दंड करता येत नाही, विनंती तेवढी करता येते, असं त्यात आहे. दुसऱ्याचं म्हणणं, गेटबाहेर भटकी कुत्री रोज घाण करतात, त्यांचं कोण उचलतं? मग आमच्याच मागे का लागता? आणि तिसऱ्याने लिहिलं, ‘झाडणाऱ्या मावशींना आपण पगार कशाचा देतो? मावशी येतील ना!’ त्या मेसेजला अकरा जणांनी अंगठा दिला. मी मोजले.

मग मला राहवलं नाही. लिहिलं, की इथे इंग्लंडात सतरा वर्षं मी पाहतेय, डॉक्टर असो की ड्रायव्हर, ज्याचं कुत्रं तो वाकतो आणि उचलतो, त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. लगेच उत्तर आलं: ‘ताई, उंटावरून शेळ्या हाकू नका.’ हा मुलगा माझ्यासमोर लहानाचा मोठा झाला. मला लागलं ते. पण रात्री झोप आली नाही ती त्या अकरा अंगठ्यांमुळे.

लीड्समध्ये माझ्याकडे ठमी आहे, शर्यतीतून निवृत्त झालेली ग्रेहाउंड. डिसेंबरात सकाळी सातला अंधारच असतो. कपाळावर टॉर्च, पायात वेलीज म्हणजे रबरी गमबूट, खिशात पिशव्यांचा रोल. ठमी दोनदा गोल फिरते, पाठीची कमान करते. तिचं झालं की पिशवी हातमोज्यासारखी हातावर चढवायची, वाकून उचलायचं, पिशवी उलटी करून गाठ मारायची. थंडीत गवतातून वाफ निघत असते आणि प्लास्टिकमधून ऊब तळहाताला लागते. पहिल्या दिवशी त्या उबेने मला भडभडून आलं होतं. चाळीशीच्या उंबरठ्यावर आले होते, तोवर स्वतःच्या बाळाखेरीज कुणाची घाण मी हातात धरली नव्हती. आठवडाभरात काही वाटेनासं झालं. एवढंच असतं ते.

आता ‘त्यांची संस्कृतीच तशी’ असं कुणी म्हटलं की मला राग येतो. संस्कृती कसली? आमच्या रस्त्यावरचे सत्तरी उलटलेले शेजारी सांगतात, त्यांच्या लहानपणी फुटपाथवर खाली बघूनच चालावं लागायचं, कारण उचलायची पद्धतच नव्हती. इंग्लंड आणि वेल्ससाठी वेगळा कायदा झाला तो १९९६ मध्ये. त्यात एक कलम मला फार आवडतं: ‘माझं लक्ष नव्हतं’ किंवा ‘माझ्याकडे पिशवी नव्हती’ ही सबब चालणार नाही. स्कॉटलंडने आपला कायदा २००३ मध्ये केला. पुढे २०१४ च्या कायद्याने इंग्लंड-वेल्समधल्या काउन्सिलांना, म्हणजे तिथल्या नगरपालिकांना, बागेबागेसाठी आदेश काढायची मुभा दिली, जागेवरचा दंड तेव्हा शंभर पौंडांपर्यंत आणि प्रकरण कोर्टात गेलं तर हजारापर्यंत. न्यूयॉर्कने उचलायची सक्ती १९७८ मध्ये केली, तेव्हाही तिथले कुत्रेवाले हे अशक्य आहे म्हणून भांडले होते. पॅरिसमध्ये तर जाक शिराक महापौर असताना शी शोषून घेणाऱ्या मोटारसायकली रस्त्यावर फिरायच्या, म्हणजे तिथेही ‘कुणीतरी येईल ना’ हाच विचार. शेवटी त्या बंद केल्या आणि लोकांना दंड लावायला घेतला. या सगळ्यांना हे शिकावं लागलं, आणि बहुतेक ठिकाणी ते मागच्या पन्नास वर्षांतच शिकले. मग आपल्याला का जमू नये?

ग्रुपवर लगेच म्हणतील, तुमच्याकडेही घाण असतेच की. असते. पिशवीत भरून ती पिशवी कुंपणाला टांगून जाणारे महाभाग इथेही आहेत, हिवाळ्याच्या अंधारात न उचलता सटकणारेही. काउन्सिलचा माणूस दंड करताना मी उभ्या आयुष्यात पाहिलेला नाही. पण इथे न उचलणारा आधी इकडेतिकडे बघून घेतो. आपल्याकडे इकडेतिकडे बघतो तो उचलणारा. फरक मला एवढाच दिसतो, आणि तो थोडा नाही.

भटक्या कुत्र्यांच्या मुद्द्याला मी टाळत नाही. त्यांची घाण ही महापालिकेची जबाबदारी आहे आणि ती नीट पार पडत नाही, हे खरं. २०२३ च्या नियमांप्रमाणे नसबंदी आणि लस करून कुत्रं त्याच जागी सोडायचं असतं. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतली कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवायला सांगितलं आणि अकरा दिवसांनी मोठ्या पीठाने तो आदेश बदलला, तेव्हापासून आपल्याकडे कुत्रा म्हटलं की लोक दोन तट करून भांडायला बसतात. त्या धुळवडीत पट्टा लावलेलं, पेडिग्री असलेलं, महिन्याला हजारो रुपये खाणारं कुत्रं अलगद निसटतं. भटक्याला मालक नाही म्हणून त्याचं कुणी उचलत नाही. तुमच्या लॅब्रेडॉरला मालक आहे. त्याच्या गळ्यातल्या बिल्ल्यावर तुमचा फोन नंबर आहे.

आणि ही नुसती बुटाला लागण्याची गोष्ट नाही. कुत्र्याच्या पोटात टोक्सोकारा नावाचे जंत असतात. त्यांची अंडी शीतून मातीत जातात. ताज्या शीतून लागण होत नाही, अंडी पिकायला दोन-तीन आठवडे लागतात. म्हणजे शी वाळून, पावसाने वाहून, दिसेनाशी होते तेव्हा धोका सुरू होतो, आणि तो मातीत वर्षानुवर्षं राहू शकतो. त्या मातीत खेळून मुलाने बोट तोंडात घातलं तर ती अळी क्वचित डोळ्यापर्यंत जाते आणि नजर अधू करते. ‘राहू दे, पावसात वाहून जाईल’ म्हणणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं. कुत्र्याला जंताचं औषध वेळेवर द्या आणि ताजं आहे तोवर उचला.

पण उचललेलं टाकायचं कुठे, हे मी ग्रुपवर लिहिताना विसरले होते आणि ती माझी चूक होती. इथे मी पिशवी कोपऱ्यावरच्या डब्यात टाकते आणि विसरते. आमच्या शहराचा काळ्या डब्यातला कचरा क्रॉस ग्रीनच्या प्रकल्पात जातो, तिथे जाळून त्याची वीज करतात. त्या पिशवीला पुन्हा कुणाचा हात लागत नाही. पुण्यात ती पिशवी सुक्या कचऱ्यात गेली तर कचरावेचक ताई ती उघडणार, कारण तिला वाटणार आत प्लास्टिक आहे, विकता येईल. ‘स्वच्छ’ या पुण्यातल्या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने २०१७ मध्ये लोकांना विनवलं होतं, की सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा, म्हणजे आम्हाला कळेल. एवढी साधी मागणी होती. म्हणून माझं सांगणं बदललं आहे: पिशवीही नको. जुन्या वर्तमानपत्राच्या तुकड्यात उचला, घरी न्या, आपल्या संडासात टाका, फ्लश करा, कागद वेगळा गुंडाळून त्यावर ठिपका काढा. म्हणजे तुमच्या कुत्र्याचं तुमच्या घरातून जाईल. दुसऱ्या कुणाच्या हातातून नाही.

कारण ‘मावशी येतील’ या दोन शब्दांमध्ये सगळं आहे. त्या मावशी कोण, कुठल्या वस्तीतून येतात, त्यांच्या आईने आणि सासूने काय काम केलं, हे अंगठा देणाऱ्या अकराही जणांना ठाऊक आहे. घाण कुणी करायची आणि कुणाचे हात भरायचे याची वाटणी आपल्याकडे फार जुनी आहे, आणि कुत्र्याचा पट्टा हातात आला म्हणून ती मोडत नाही. उलट कुत्रं फिरवायलाही आता पगारी मुलगा असतो.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते.

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात मी दादाकडे होते. सकाळी सहाला त्याच्या कुत्र्याला, सिंबाला घेऊन आम्ही दोघं खाली उतरलो. गेटपासून दहा पावलांवर सिंबा बसला. माझ्या जॅकेटच्या खिशात लीड्सच्या पिशव्यांचा रोल होता. मी एक पिशवी फाडलीसुद्धा. समोर वॉचमन, शेजारी दुधाची वाट बघत उभे असलेले दोन काका, मला परकर-पोलक्यात पाहिलेले. दादा हळूच म्हणाला, ‘अगं राहू दे, बघतायत सगळे. मावशी येतील ना.’ आणि मी ती पिशवी परत खिशात घातली.

आठ वाजता गॅलरीत चहा घेताना मावशी दिसल्या. त्यांनी आधी खराट्याने माती ओढून त्यावर टाकली, मग पत्र्याची सुपली लावली. अर्धं सुपलीत आलं, अर्धं फरशीला फासलं गेलं. ते त्यांनी पायातल्या स्लिपरने घासून काढलं. मी कप घेऊन आत गेले.

इथे ठमीचं मी एकदाही तसं सोडून आलेले नाही. का, ते मला माहीत आहे. ठमी आली त्या पहिल्या हिवाळ्यात एक म्हातारा बागेच्या दारापर्यंत माझ्या मागे आला, मी उचलते की नाही बघायला. तेव्हापासून मी भरलेली पिशवी लोकांना दिसेल अशी हातात धरून चालते, डबा येईपर्यंत. ‘ही बाहेरून आलेली माणसं’ असं ठमीवरून कुणी म्हणू नये म्हणून. म्हणजे तिथे लोक बघतात म्हणून उचललं नाही, आणि इथे लोक बघतात म्हणून उचलते. ग्रुपवर मी ज्या तोऱ्यात लिहिलं, त्यातलं माझं स्वतःचं किती होतं, हे मला त्या रात्री नीट सांगता आलं नसतं.

तरी मी लिहिलेलं खोडणार नाही. मी उंटावर बसले असेन, पण शेळ्या माझ्याही आहेत. त्या गेटपाशी मी सायकल शिकले.

फेब्रुवारीत हाफ टर्मला, म्हणजे शाळेच्या मधल्या सुट्टीत, आम्ही येतोय. काल दादाला फोनवर सांगितलं, आठवडाभर सिंबाला सकाळी मी नेणार, घरातली रद्दी बाजूला काढून ठेव, आणि काका उभे असतील तर असू देत. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘आधी ये तर खरी.’