पासपोर्ट कोणाचा, अहवाल कोणाचा

शुभांशु शुक्ला जून 2025 मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर पोहोचले, 'राकेश शर्मांनंतर 41 वर्षांनी भारतीय अंतराळात' असे मथळे झळकले आणि तिकडे जुना वाद पुन्हा उकरला गेला. मग कल्पना चावला कोण होती? एक बाजू म्हणते, अमेरिकेची नागरिक, नासाची नोकर, आपला संबंध काय? दुसरी बाजू करनालचं घर आणि चंदीगडचं कॉलेज दाखवून तिला 'भारतकन्या' ठरवते. तिसरा कुणीतरी असतोच, तो ब्रेन ड्रेनचं पालुपद लावतो: आमच्या पैशावर शिकली आणि भर नासाची केली. मी ह्यूस्टनच्या दक्षिणेला, नासाच्या जॉन्सन स्पेस सेंटरच्या जवळपास राहते, म्हणून मला या भांडणात हक्काची साक्षीदार समजून ओढलं जातं. माझं मत विचाराल तर तिघंही नको त्या गोष्टीवर भांडताहेत.

पासपोर्टचं आधी उरकून टाकू. नासाचा अंतराळवीर व्हायला अमेरिकेचं नागरिकत्व लागतं आणि भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. तिने ते 1991 मध्ये घेतलं, तेव्हा परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डाची सोयसुद्धा नव्हती. म्हणजे एक काहीतरी सोडणं भाग होतं. राकेश शर्मा 1984 मध्ये भारतीय नागरिक म्हणून गेले, कल्पना 1997 मध्ये अमेरिकन म्हणून गेली, आणि भारतात जन्मून अंतराळात गेलेली ती पहिली स्त्री. तिन्ही विधानं एकाच वेळी खरी आहेत. माझ्या पासपोर्टावर रद्द केल्याचा शिक्का बसला त्या दिवशी घरी येऊन मी वरणभातच खाल्ला होता.

ब्रेन ड्रेनवाल्यांना मात्र एक विचारावंसं वाटतं. ही मुलगी भारतात राहून नक्की काय करणार होती? करनालला फ्लाइंग क्लब होता, लहानपणी भावंडं सायकलवरून जाताना मान वर करून विमानं बघत. वडिलांनी एकदा पुष्पक विमानातून आणि ग्लायडरमधून फिरवूनही आणलं. जेआरडी टाटांनी सुरुवातीची टपाल विमानं चालवली होती, कराचीहून जुहूला टपाल आणलं होतं, त्यांचं नाव ती मुलाखतीत घेत असे. घरी तिला 'मोंटू' म्हणत. शाळेत घालताना 'कल्पना' हे नाव तिने स्वतः निवडलं. पंजाब इंजिनीअरिंग कॉलेजात एरोनॉटिकल मागितलं तर तिथल्या प्राध्यापकांनी मेकॅनिकल नाहीतर इलेक्ट्रिकल घे असं समजावून पाहिलं. ती ऐकली नाही. 1982 मध्ये पदवी हातात आली तेव्हा भारताची मानवी अंतराळमोहीम म्हणजे सोव्हिएत यानातली एक खुर्ची होती, आणि तीही हवाई दलाच्या वैमानिकासाठी. तेव्हा हवाई दलात स्त्रिया वैमानिक नव्हत्या. आज गगनयानसाठी, म्हणजे भारताच्या स्वतःच्या मानवी अंतराळमोहिमेसाठी, निवडलेले चौघेही हवाई दलातले चाचणी वैमानिक आहेत, चौघेही पुरुष. तेव्हा 'गेली' म्हणून गळा काढण्याआधी दार कुठे होतं ते दाखवावं.

टेक्सासातल्या आर्लिंग्टनला एमएस, कोलोरॅडोत बोल्डरला 1988 साली पीएचडी, मग कॅलिफोर्नियात नासाच्या एम्स केंद्रात संगणकावर हवेच्या प्रवाहाचा अभ्यास. हॅरियरसारखं उभं उडणारं विमान जमिनीलगत असताना त्याच्याभोवती हवा कशी वागते, असलं किचकट काम. डिसेंबर 1994 मध्ये नासाने निवड केली. इथवरचं शाळेच्या भाषणात असतंच.

भाषणात नसतं ते पहिल्या उड्डाणात झालेलं लचांड. नोव्हेंबर 1997, कोलंबिया यान, मोहीम एसटीएस-87. सूर्याच्या प्रभामंडलाचा अभ्यास करणारा स्पार्टन नावाचा छोटा उपग्रह यांत्रिक हाताने उचलून बाहेर सोडायचा होता. हात चालवत होती कल्पना. तिने तो सोडला. सुटल्यावर त्याने स्वतःहून एक गिरकी घ्यायला हवी होती, ती त्याने घेतली नाही, कारण सोडण्याआधीची एक आज्ञा त्याच्यापर्यंत पोहोचलीच नव्हती. तिने त्याला पुन्हा पकडायचा प्रयत्न केला. पकड पक्की बसल्याची खूण मिळेना, हात मागे घेताना धक्का लागला आणि तो संथपणे गरगरायला लागला. कमांडर केव्हिन क्रेगेल यांनी यान त्याच्या गतीशी जुळवून पाहिलं, पण इंधन वाया जाऊ नये म्हणून जमिनीवरून थांबायला सांगितलं. शेवटी तीन दिवसांनी विन्स्टन स्कॉट आणि जपानचे ताकाओ दोई स्पेसवॉकला बाहेर पडले आणि दोघांनी तो हातांनी धरून आणला.

वर्तमानपत्रांत नाव कोणाचं आलं हे सांगायला नको. चौकशी झाली, आणि तिचा रोख 'कोणी चूक केली' याच्या पुढे गेला. सॉफ्टवेअर आणि माणूस यांच्यातल्या जोडणीत दोष सापडले, यानातल्या आणि जमिनीवरच्या चमूला आखून दिलेल्या कार्यपद्धतीत दोष सापडले. कल्पनावर ठपका आला नाही. तिला अंतराळ स्थानकाशी संबंधित तांत्रिक काम मिळालं, आणि 2000 मध्ये दुसऱ्या उड्डाणासाठी नाव लागलं, तेही फ्लाइट इंजिनीअर म्हणून. मला तिच्या सगळ्या कारकिर्दीत हा तुकडा सगळ्यात मोलाचा वाटतो.

कारण माझा धंदाच हा आहे. ह्यूस्टनच्या शिप चॅनलवर रसायनांच्या एका प्लांटमध्ये मी प्रोसेस सेफ्टी, म्हणजे गळती, आग, स्फोट टाळण्याचं काम, बघते. व्हॉल्व्ह चुकीचा उघडला तर पहिला प्रश्न 'शिफ्टला कोण होतं?' हा येतो. इथेही येतो, गैरसमज नको. फरक एवढाच, की तो प्रश्न तिथे थांबू द्यायचा नाही असं लिहून ठेवलेलं आहे आणि ते न पाळणाऱ्याला जाब द्यावा लागतो. मी डोंबिवलीची. तिथल्या एमआयडीसीत 2016 मध्ये मोठा स्फोट झाला, 2024 मध्ये पुन्हा झाला. पहिल्या स्फोटाच्या चौकशीत काय निघालं, हे माझ्या माहेरच्या इमारतीत विचारून बघा. मालक कोण आणि अटक कोणाला झाली, एवढं सगळ्यांना पाठ आहे.

आता कोलंबिया. 16 जानेवारी 2003 ला उड्डाण, सातजण, ऐंशीच्या आसपास प्रयोग, दोन पाळ्यांत चोवीस तास काम. उड्डाणानंतर 82व्या सेकंदाला बाहेरच्या इंधनटाकीवरचा उष्णतारोधक फोमचा तुकडा सुटला आणि डाव्या पंखाच्या पुढच्या कडेवर आदळला. वजन पाऊण किलोच्या आसपास, वेग ताशी 800 किलोमीटरहून जास्त. 1 फेब्रुवारीला परतताना त्या भोकातून तप्त वायू पंखात शिरले आणि यान टेक्सासवर फुटलं. दोन्ही उड्डाणं मिळून कल्पनाचे अंतराळात तीसेक दिवस भरले.

'नासाला सगळं माहीत होतं, त्यांनी मुद्दाम सांगितलं नाही' हा मेसेज दरवर्षी फेब्रुवारीत माझ्या फोनवर येतो. भाचा पाठवतो, वर 'मावशी, हे खरं का गं?' असं विचारतो. खरं नाही. खरं आहे ते जास्त त्रासदायक आहे. फोम आदळल्याचं कमांडर रिक हसबंड आणि पायलट विल्यम मॅककूल यांना 23 जानेवारीला ईमेलने कळवलं होतं, सोबत 'काळजीचं कारण नाही' असंही. लिहिणाऱ्यांना खरंच तसं वाटत होतं. तसं का वाटत होतं, हा प्रश्न आहे.

अॅडमिरल हॅरोल्ड गेहमन यांच्या चौकशी मंडळाने ऑगस्ट 2003 मध्ये अहवाल दिला, त्यात एका पॉवरपॉइंट स्लाइडची चिरफाड आहे. फोमच्या आघाताचा अभ्यास करणाऱ्या इंजिनीअरांनी ती वरिष्ठांपुढे ठेवली होती. ती मी आमच्या नव्या सुपरवायझरांना नेहमी दाखवते. वरचं ठळक शीर्षक वाचलं की आकडेवारी दिलासा देणारी आहे असं वाटतं. खाली मुद्दे, मुद्द्यांखाली उपमुद्दे, अक्षर बारीक होत जातं. 'लक्षणीय' या अर्थाचा शब्द पाच वेळा येतो आणि दर वेळी त्यातून वेगळंच काही सुचवलेलं. अगदी तळाशी एक ओळ: या फोमचं आकारमान 1,920 घन इंच, आणि ज्या चाचण्यांच्या आधारावर सगळं ठरवलं त्यातला तुकडा 3 घन इंच. म्हणजे 640 पट. तुमच्या-माझ्या ऑफिसात अशा स्लाइड रोज बनतात. पंखाचे फोटो काढून घ्या, अशी विनंती इंजिनीअरांनी वेगवेगळ्या वाटांनी तीनदा केली होती, ती वर पोहोचता पोहोचता जिरली.

अपघातानंतरही 'फोमने एवढं होऊच शकत नाही' म्हणणारे होते. मग जुलैमध्ये सॅन अँटोनियोत खऱ्या पंखाच्या पट्टीवर गॅसच्या तोफेने तेवढाच फोम मारून दाखवला. फूटभराहून मोठं भगदाड पडलं. वाद संपला.

मंडळाने लिहिलं की अपघाताला फोम जितका कारणीभूत, तितकीच संस्थेची कामाची संस्कृती. हे सरकारी खर्चाने, कोणालाही वाचता येईल असं छापलं. अडीच वर्षांच्या आत, मार्च 2005 मध्ये, आमच्याच भागात टेक्सास सिटीच्या रिफायनरीत स्फोट होऊन 15 माणसं गेली, तेव्हा रासायनिक अपघातांची चौकशी करणाऱ्या अमेरिकी केमिकल सेफ्टी बोर्डाने चौकशीला कोलंबियाच्याच अहवालाची चौकट घेतली. कल्पनाच्या मृत्यूचा माझ्या प्लांटशी असा सरळ धागा आहे. करनालच्या मेडिकल कॉलेजला, न्यूयॉर्कच्या जॅक्सन हाइट्समधल्या रस्त्याला, हवामानाच्या उपग्रहाला तिचं नाव दिलं, चांगलंच केलं. पण त्या अहवालाचा मराठीत चार पानी गोषवारा मी तरी कुठे पाहिलेला नाही.

अमेरिकेचे गोडवे गायला मी बसलेली नाही. 1986 च्या चॅलेंजर यानाच्या अपघाताचाही असाच अहवाल झाला होता, आणि नासाने तो कपाटात ठेवून दिला. पहिली अमेरिकन अंतराळवीरांगना सॅली राइड दोन्ही चौकशांत होत्या, आणि जुन्याच चुका नव्याने त्यांच्यासमोर आल्या. अहवाल छापल्याने माणसं शहाणी होतात असं नाही. न छापल्याने मात्र शहाणं व्हायला कोणाला काही मिळतच नाही.

इस्रोला याची सवय अगदीच नाही, असंही नाही. 2010 मध्ये जीएसएलव्ही रॉकेटची दोन उड्डाणं फसली तेव्हा कारणांचा गोषवारा जाहीर झाला होता. चांद्रयान-2 चा विक्रम लँडर 7 सप्टेंबर 2019 ला आपटला, त्यावर लोकसभेत एक लेखी उत्तर आलं, पण विश्लेषण समितीचा पूर्ण अहवाल आपल्यापुढे आलेला नाही. चांद्रयान-3 उतरल्यावर तर विचारणारा देशद्रोही ठरायचा. यानात माणूस नव्हता तोवर हे चाललं. गगनयानमध्ये माणसं असतील. त्याआधी फसलेल्या, अर्धवट फसलेल्या चाचण्यांचे अहवाल संसदेपुढे ठेवा, आणि अपघात झालाच तर चौकशी इस्रोबाहेरचं मंडळ करील हे आजच ठरवा. तिकडचे मित्र म्हणतात, तिथे बसून सल्ले देणं सोपं आहे. सोपं आहेच. शिवाय निरुपयोगीही आहे, कारण असे अहवाल मागायचा माहिती अधिकाराचा अर्ज फक्त भारतीय नागरिकाला करता येतो, ओसीआय कार्डवाल्याला नाही. अर्जाला दहा रुपये लागतात. इस्रो त्या कायद्याच्या कक्षेत आहे, फक्त कलम 8 मध्ये राष्ट्राच्या 'वैज्ञानिक हिता'ची सबब आहे आणि बहुधा तीच पुढे केली जाईल. केली, तर अपिलात जावं. कल्पना भारतीय की अमेरिकन यावर ग्रुपवर जेवढे तास जातात, तेवढ्यात पहिलं अपील लिहून होतं.