पोलंडचं हवाई दल पहिल्या सकाळी जमिनीवरच संपलं? हिशोब तसा लागत नाही

दर सप्टेंबरात एक फॉरवर्ड फिरतो. त्यातला मजकूर थोडक्यात असा: 1 सप्टेंबर 1939 च्या पहाटे जर्मन विमानांनी पोलंडचं सगळं हवाई दल तळांवर उभ्या उभ्या जाळलं, जी चार-दोन विमानं उडाली ती जुनाट दुपंखी (पंखांच्या दोन जोड्यांची) होती, जर्मनांचं नुकसान नगण्य होतं, आणि पोलिश वैमानिकांना लढताच आलं नाही. सोबत मोडक्या विमानांचा एखादा काळा-पांढरा फोटो. कधी शेपटीला घोडदळाने रणगाड्यांवर भाले घेऊन हल्ला केल्याची गोष्टही असते. तीही खोटीच आहे, पण ती वेगळ्या लेखाची.

एकेक मुद्दा घेऊ.

"सगळं हवाई दल तळांवरच जळालं"

तळ जळाले, हे खरं. वॉर्सातलं ओकेंत्ये, क्राकूवचं राकोवित्से, दुसऱ्या दिवशी देंब्लिनची वैमानिक शाळा, सगळीकडे बॉम्ब पडले. बाल्टिक किनाऱ्यावर पुत्स्क इथला नौदलाचा विमानतळ पहिल्याच सकाळी फोडला गेला आणि तिथल्या तुकडीचे प्रमुख एद्वार्द शिस्तोव्स्की मारले गेले. जर्मन हेरखात्याकडे शांतताकाळातल्या तळांचे नकाशे चोख होते, बॉम्बही ठरल्या जागीच पडले.

फक्त त्या तळांवर लढाऊ स्क्वाड्रन, म्हणजे लढाऊ विमानांच्या तुकड्या, नव्हती. 31 ऑगस्टपर्यंत पोलंडने आपली आघाडीची विमानं रानोमाळ पसरवली होती. वॉर्साच्या रक्षणासाठी नेमलेल्या पाठलाग ब्रिगेडची पाच स्क्वाड्रन, म्हणजे 53-54 विमानं, राजधानीबाहेर झेलोन्का आणि पोन्यातूव इथल्या गवताळ मैदानांवर होती. उरलेली दहा लढाऊ स्क्वाड्रन वेगवेगळ्या सैन्यांच्या हाताखाली वाटून दिलेली. क्राकूवची लढाऊ विमानं राकोवित्सेवरून हलवून बालित्सेला नेली होती. राकोवित्से आणि ओकेंत्येवर मागे राहिली ती मुख्यतः शिकाऊ विमानं, दुरुस्तीला आलेली आणि आघाडीतून काढून टाकलेली.

हे जमलं कसं, त्याचं उत्तर विमानाच्या बांधणीत आहे. पीझेडएल पी.11 या मुख्य लढाऊ विमानाला पक्क्या धावपट्टीची गरजच नव्हती. भक्कम, न मिटणारी चाकं, साधारण 1,650 किलो वजन आणि मोठे पंख, त्यामुळे कापणी झालेलं शेत किंवा गुरांचं कुरणही त्याला पुरायचं. झाडांच्या कडेला ढकलायचं, वर फांद्या टाकायच्या, झालं. अशी ठिकाणं वरून शोधणं जर्मनांना पहिले काही दिवस जड गेलं.

तळावर लढाऊ विमानं सापडलीच नाहीत असंही नाही. 4 सप्टेंबरला वूच शहराजवळच्या विदझेव मैदानावर जर्मन मेसरश्मिट लढाऊ विमानं तुटून पडली आणि तिथल्या पी.11 तुकडीला जबर फटका बसला, काही हवेत, काही जमिनीवर. पण तो चौथा दिवस. चौथ्या दिवशी मारायला विमानं उरली होती, एवढ्यावरच फॉरवर्डचा पहिला दावा कोसळतो.

आणखी दोन पुरावे. 2 सप्टेंबरला, म्हणजे हवाई दल 'संपल्या'च्या दुसऱ्या दिवशी, काराश या पोलिश हलक्या बॉम्बर विमानाने सीमेपलीकडे ओलाऊ इथल्या कारखान्यावर बॉम्ब टाकले. ते गाव तेव्हा जर्मनीत होतं, आज पोलंडमध्ये आहे. दुसरा पुरावा 'वोश' या दोन इंजिनांच्या बॉम्बरचा. आघाडीवर अशी 36 विमानं होती. 4 सप्टेंबरपासून ती जर्मन रणगाड्यांच्या रांगांवर धाडली गेली, बहुधा लढाऊ विमानांच्या सोबतीशिवाय, आणि त्यात बरीच पडली. तरीही, मागे राखलेली धरून, पंचवीसहून अधिक वोश महिन्याच्या उत्तरार्धात रुमानियात पोचली. पुढे रुमानियाने तीच सोव्हिएत आघाडीवर वापरली. जमिनीवर जळालेलं विमान रुमानियाला जात नाही.

"उडाली ती जुनाट दुपंखी होती"

'दुपंखी' साफ चूक. 'जुनाट' बरोबर, पण ते कुठे नडलं हे समजून घेण्यासारखं आहे.

पी.11 हे धातूचं, एकाच पंखाच्या जोडीचं विमान. पंख वरच्या बाजूला आणि धडाला जोडताना मुळाशी वाकलेले, समुद्रपक्ष्यासारखे. ही रचना झिगमुंत पुवाव्स्की या अभियंत्याची. पंख धडाजवळ बारीक आणि वाकलेला असल्याने वैमानिकाला पुढचं छान दिसायचं. पुवाव्स्की 1931 मध्ये विमान अपघातात गेले. 1934-35 मध्ये हे विमान जगातल्या चांगल्या लढाऊ विमानांत गणलं जायचं. 1939 मध्ये नाही. मधल्या चार वर्षांत बाकीच्यांनी मिटणारी चाकं, बंद कॉकपिट आणि दुप्पट ताकदीची इंजिनं आणली होती.

आकडे शेजारी ठेवू. पी.11 चा कमाल वेग साडेपाच हजार मीटर उंचीवर ताशी 375 ते 390 किमी, जमिनीलगत जेमतेम 300. मेसरश्मिट 109ई साधारण 560, मेसरश्मिट 110 त्याच्या थोडं मागे. हे अंतर सगळे सांगतात. खरी गोम पुढे आहे: हाइन्केल 111 आणि डॉर्निये 17 हे जर्मन बॉम्बरसुद्धा 400 च्या वर जात. म्हणजे ज्याची शिकार करायची तोच शिकाऱ्यापेक्षा वेगवान.

मागून पाठलाग करून ते गाठता येत नाहीत. मग उपाय एकच: बॉम्बर येण्याआधी त्यांच्या वाटेवर, त्यांच्या वर जाऊन थांबायचं आणि सूर मारत किंवा थेट समोरून एकदाच हल्ला करायचा. चुकलं की बॉम्बर निघून गेला. आता वेळेचं गणित बघा. पी.11 ला पाच हजार मीटर चढायला सहा मिनिटं लागतात. 400 च्या वेगाने येणारा बॉम्बर तेवढ्यात 40 किमी कापतो. इंजिन चालू करणं, उड्डाण आणि दिशा धरणं धरलं तर इशारा बॉम्बर 60-70 किमी दूर असतानाच मिळायला हवा. वॉर्साभोवती टेहळणी चौक्या आणि टेलिफोनचं जाळं होतं, म्हणून पहिल्या दिवसांत तिथे हे साधलं. इतरत्र सैन्यांच्या तुकड्या बऱ्याचदा कानावर आणि डोळ्यांवरच विसंबून होत्या.

गाठलं तरी मारायचं कशाने? बहुतेक पी.11 वर 7.92 मिमीच्या दोनच मशीनगन, थोड्यांवर चार. एका गनला 500 गोळ्या. सलग घोडा दाबून धरला तर अर्ध्या मिनिटात रिकामी. हाइन्केलसारख्या मोठ्या धातूच्या विमानाला एवढ्याने पाडायचं तर अगदी जवळ जाऊन इंजिनावर किंवा वैमानिकावरच नेम हवा. आणि जवळ गेलं की मागचा जर्मन तोफची मोकळाच असतो. रेडिओ सगळ्या विमानांत नव्हताच.

पी.11 च्या बाजूने दोन गोष्टी होत्या. वळण अतिशय तोकडं घ्यायचं, त्यामुळे फेऱ्या मारायला तयार झालेला मेसरश्मिट त्याच्या पुढ्यात यायचा. जर्मन वैमानिक हे लवकर शिकले: वरून सूर, एक फैर, पुन्हा वर. दुसरं म्हणजे धडातली मुख्य इंधनटाकी आग लागली तर उडता उडताच खाली सोडून देता यायची.

नवी विमानं का नव्हती? पी.11 चीच सुधारित बहीण पी.24 पोलंड ग्रीस, तुर्कस्तान, रुमानिया आणि बल्गेरियाला विकत होता, स्वतः वापरत नव्हता. पुढचं 'यास्त्शेंब' हे लढाऊ विमान अपेक्षेला उतरलं नाही. ब्रिटनकडून हरिकेन आणि फ्रान्सकडून मोरान ही लढाऊ विमानं मागवली होती, ती लढाई संपेपर्यंत पोचली नाहीत. निर्यातीचे पैसे आले, पण विमानं गेली. हा निर्णय चुकीचा होता, असं माझं स्पष्ट मत आहे. सुमारे 158 लढाऊ विमानांपैकी 30 तर पी.11 हूनही जुनी पी.7 होती.

"जर्मनांचं काहीच गेलं नाही"

जर्मन हवाई दलाच्या स्वतःच्याच नोंदी घ्या. पोलंड मोहिमेत 285 विमानं कायमची गेली, आणखी 279 विमानांचं दहा टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान झालं. गेलेल्यांत 78 बॉम्बर, 31 स्टुका (सूर मारून बॉम्ब टाकणारी विमानं), 63 टेहळणी विमानं, 67 एक-इंजिनी लढाऊ आणि 12 मेसरश्मिट 110. उरलेली वाहतूक आणि इतर. एका महिन्यात, तिप्पट-चौपट लहान हवाई दलासमोर, हे नगण्य नव्हे.

पण इथे उलट्या बाजूचा फॉरवर्डही थांबवायला हवा. 'पोलिश लढाऊ विमानांनी 285 जर्मन पाडली' हेही चूक. त्या 285 मध्ये विमानवेधी तोफांनी आणि पायदळाच्या बंदुकांनी पाडलेली आहेत, अपघातात, धुक्यात, इंधन संपून उतरताना मोडलेली आहेत. पोलिश लढाऊ वैमानिकांच्या खात्यावर युद्धानंतर सव्वाशेच्या आसपास बळी (म्हणजे पाडलेली विमानं) मान्य झाले. प्रत्यक्ष आकडा त्याहून कमी असणार. एकाच बॉम्बरवर दोघे-तिघे गोळ्या झाडतात, प्रत्येक जण तो आपल्या नावावर धरतो. पूर्ण थ्रॉटल दिल्यावर इंजिनातून निघालेला काळा धूर लांबून 'पेटलं' असा दिसतो. दोन्हीकडे हेच झालं. विमानाचे अवशेष सापडले किंवा समोरच्याच्या नोंदीत तुटीची तारीख-ठिकाण जुळलं, तरच बळी पक्का धरावा.

पोलंडची सुमारे 330 विमानं गेली. त्यातली साधारण सत्तर हवाई चकमकीत. बाकीच्यांत तोफखाना, जमिनीवरचे हल्ले, अपघात आणि मागे सोडून द्यावी लागलेली. काही आपल्याच लोकांनी पाडली: वर पंख असलेलं जर्मन हेन्शेल 126 आणि पी.11 खंदकातल्या थकलेल्या सैनिकाला सारखीच दिसत.

"लढताच आलं नाही"

1 सप्टेंबरच्या सकाळी बालित्सेवरून कॅप्टन मिएचिस्वाव मेद्वेत्स्की आणि त्यांचा जोडीदार व्वादिस्वाव ग्निश उडाले. राकोवित्सेवरून परतणाऱ्या स्टुकांशी गाठ पडली. फ्रांक नॉयबेर्टच्या स्टुकाने मेद्वेत्स्कींना पाडलं. बॉम्बर म्हणून बनवलेल्या विमानाने लढाऊ विमान पाडावं हा विचित्र योग. चढता चढता, वेग कमी असताना माणूस सापडला की असंच होतं. ग्निश निसटले आणि थोड्या वेळाने दोन डॉर्निये 17 वर त्यांनी हल्ला केला. दोन्ही झुरादा गावापाशी कोसळली. ग्निश आणि नॉयबेर्ट 1989 मध्ये समोरासमोर भेटले.

वॉर्साच्या पाठलाग ब्रिगेडने पहिल्या सहा दिवसांत चाळीसहून अधिक जर्मन विमानं पाडल्याचं सांगितलं, पण स्वतःची निम्म्याहून बरीच जास्त विमानं गमावली. 7 सप्टेंबरच्या सुमारास तिला लुब्लिनकडे हलवलं आणि लढाई खरी तिथे हरली. टेहळणीचं टेलिफोन जाळं मागे राहिलं. इंधनाच्या गाड्या निर्वासितांनी भरलेल्या रस्त्यांवर अडकल्या. एक प्रोपेलर किंवा चाकाचा दांडा मोडला की सुटा भाग नाही म्हणून बाकीचं धडधाकट विमान जागेवरच बसायचं. ही घसरण आकाशातल्या हारजितीत मोजता येत नाही, म्हणूनच फॉरवर्डमध्ये तिला जागा नसते. 17 सप्टेंबरला सोव्हिएत सैन्य पूर्वेकडून घुसलं, आणि उरलेली विमानं वैमानिकांसकट रुमानियाकडे निघाली.

हेच वैमानिक 1940 मध्ये ब्रिटनवरच्या लढाईत उतरले, 145 जण. झेलोन्काच्या तुकडीचे प्रमुख झ्जिस्वाव क्रास्नोदेंब्स्की ब्रिटनमधल्या पोलिश 303 स्क्वाड्रनच्या पहिल्या प्रमुखांपैकी एक. त्या स्क्वाड्रनच्या नावे 126 बळी लागले (इथेही वरचाच इशारा लागू, दावे फुगतातच). माणसं तीच, फक्त हाताखाली हरिकेन आणि मागे रडार. जमिनीवर जळून संपलेलं दल वर्षभरात असं उभं राहत नाही.

फोटोचं काय?

फोटो बहुधा खरा असतो, मथळा खोटा. तपासायला तीन गोष्टी पुरतात. पंखांच्या दोन जोड्या दिसल्या तर ते जवळपास नक्की शिकाऊ विमान, बहुतेकदा पीडब्ल्यूएस-26. पंख मुळाशी वाकलेले आणि चाकं उघडी असतील तर पी.7 किंवा पी.11; पण मग प्रोपेलर आणि मशीनगन जागेवर आहेत का बघा. काढून नेलेल्या असतील तर ते विमान बॉम्बने नाही, सुटे भाग काढून सोडून दिल्याने तिथे पडलं आहे. आणि जर्मन सैनिक शेजारी उभे राहून फोटो काढून घेत असतील, तर तो तळ जर्मनांच्या हातात आल्यानंतरचा, म्हणजे 1 सप्टेंबरच्या सकाळचा नव्हे.

जगात शाबूत उरलेलं एकमेव पी.11 आज क्राकूवच्या विमान संग्रहालयात आहे. ते 121 स्क्वाड्रनचं, म्हणजे ग्निश यांच्याच तुकडीचं. संग्रहालय राकोवित्सेच्या जुन्या तळावर आहे.