वकीलसाहेब, कारकुनाचं उत्तर

हक्कभंग म्हणजे विधिमंडळाच्या आणि आमदारांच्या विशेषाधिकारांचा भंग; त्यासाठी सभागृह शिक्षा करू शकतं. हे विशेषाधिकार कायद्याने ठरवून घ्या, अशी मागणी करणाऱ्या 'हक्कभंग नेमका कुणाचा?' या माझ्या लेखावर एका वकील वाचकांची भलीमोठी प्रतिक्रिया आली आहे. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी सारांश: आमदारांचं भाषणस्वातंत्र्य आणि सभागृहाचा शिक्षा करण्याचा अधिकार यांत मी गल्लत केली, बारा निलंबित आमदारांबद्दल मूग गिळून बसलो, सर्वोच्च न्यायालयाच्या २०२४ च्या निकालाचा अर्धाच अर्थ सांगितला. आणि मग हे वाक्य: "हक्कभंगाची भीती आहे म्हणून सभागृहाचा मान टिकून आहे, कारकुनांना ती टोचणारच. काका, निवृत्तीनंतर वेळ जात नसेल तर नाना-नानी पार्कात बसत चला."

माझ्या वेळेची काळजी केल्याबद्दल आभार. कोर्टात समोरच्या पक्षकारालाही आपण काकाच म्हणता का? न्यायाधीश ऐकून घेतात? आपण मला भेटलेला नाहीत, आपलं नाव मला ठाऊक नाही (टोपणनावामागे बसून वडीलधाऱ्यांना बागेत पाठवणं सोपं असतं), तरी लेखाचं उत्तर देताना लेखकाच्या वयावर घसरावं लागलं. असो. एक गोष्ट मात्र मोकळ्या मनाने मान्य करतो: लेखाचा मथळा जरा भडक होता. दोन मित्रांनीही तसं सांगितलं. त्यांनी ते सभ्य भाषेत सांगितलं.

आता 'कारकून'. हो, होतो. जिल्ह्याच्या एका कार्यालयात लिपिक म्हणून लागलो आणि मंत्रालयातून कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झालो. हिवाळी अधिवेशनाला नागपुरात रात्र रात्र बसून तारांकित प्रश्नांची (ज्यांना मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचं असतं त्यांची) उत्तरं तयार केली आहेत. 'हे खरे आहे काय?' असं आमदार विचारतात आणि खाली 'होय', 'नाही', 'अंशतः खरे आहे' किंवा 'प्रश्न उद्भवत नाही' असं छापून येतं. ते 'अंशतः' कुठून येतं हे आपल्याला कायद्याच्या पुस्तकात सापडणार नाही. जिल्ह्यातून 'निरंक', म्हणजे सांगण्यासारखं काही नाही, म्हणून आलेली माहिती चौथ्यांदा परत पाठवणारा एक कारकून असतो, त्याच्या टेबलावरून ते येतं. सभागृहाला खोटी माहिती गेली तर हक्कभंग होतो आणि तो झालाच पाहिजे, हे मला कुणी शिकवायला नको. चांगल्या आमदाराचा एक प्रश्न यादीत लागला की वर्षानुवर्षं न हललेली पाणीपुरवठ्याची फाइल आठवड्यात हलते, हे मी पाहिलेलं आहे. तेव्हा सभागृहाबद्दल मला आकस आहे असं कृपा करून समजू नका.

पण आपण ज्या भीतीचे गोडवे गाता, ती मी दुसरीकडेही पाहिली. जिल्ह्यात असताना एका इमारतीच्या भूमिपूजनाची पत्रिका छापली. राजशिष्टाचाराच्या क्रमाने स्थानिक आमदारांचं नाव खासदारांच्या खाली आलं. फोन आला, "हक्कभंग आणतो." पुढे काही आणलं नाही, आणायची गरजच पडली नाही. साहेबांनी सगळ्या पत्रिका रद्दीत घातल्या, नव्या छापल्या, आणि मसुद्यावर सही माझी होती म्हणून माझी बदली झाली. यात सभागृहाच्या कामात कोणता अडथळा आला होता, वकीलसाहेब? अधिवेशन तर चालूही नव्हतं. ज्याला अशील म्हणून फी देऊन आपल्यासारखा वकील करणं परवडत नाही, त्याच्यावर ही भीती कशी चालते ते आपल्याला कळायला थोडा वेळ लागेल.

माझा अनुभव जुना, एकट्याचा, म्हणून सोडून देऊ. २०१३ चा मार्च आठवतो? वांद्रे-वरळी सागरी सेतूवर एका आमदाराची गाडी पोलीस अधिकाऱ्याने अडवली. आमदाराने आधी त्या अधिकाऱ्यावर हक्कभंग मांडला, आणि मग विधानभवनातच त्या अधिकाऱ्याला मारहाण झाली. पाच आमदार निलंबित झाले, वेगवेगळ्या पक्षांचे, म्हणजे या एका बाबतीत तरी सर्वपक्षीय एकमत. त्यावर आमदारांबद्दल कडक भाषा वापरली म्हणून दोन मराठी वृत्तवाहिन्यांच्या संपादकांवरही हक्कभंगाची नोटीस निघाली. सभागृहाचा मान त्या दिवशी कुणी घालवला, आणि नोटिसा कुणाकुणाला गेल्या? भीतीने मान टिकतो म्हणणाऱ्याने याचं उत्तर द्यावं.

१९६४ साली उत्तर प्रदेश विधानसभेनेही भीती दाखवूनच पाहिली होती. गोरखपूरच्या केशवसिंग नावाच्या कार्यकर्त्याने एका आमदाराविरुद्ध पत्रक काढलं. विधानसभेने त्याला सात दिवसांची कैद दिली. उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठाच्या दोन न्यायमूर्तींनी त्याला जामीन दिला, तर विधानसभेने त्या न्यायमूर्तींनाच पकडून सभागृहापुढे आणायचा हुकूम काढला! अलाहाबाद उच्च न्यायालयाचे २८ न्यायाधीश एकत्र बसले आणि त्यांनी तो हुकूम थोपवला. शेवटी राष्ट्रपतींनी सर्वोच्च न्यायालयाचं मत मागवलं. सरन्यायाधीश होते आपल्या साताऱ्याचे प्र. बा. गजेंद्रगडकर. बहुमताने सांगितलं ते असं: ब्रिटिश संसद सार्वभौम असेल, आपल्याकडची विधिमंडळं राज्यघटनेच्या चौकटीत आहेत आणि ती चौकट कुठे संपते हे न्यायालय पाहणार. (पुढे १९६५ मध्ये केशवसिंगची याचिका फेटाळली गेली, हेही लिहून ठेवतो. नाहीतर 'अर्धंच सांगितलं' म्हणून आपण पुन्हा याल.) तमिळनाडूत १९८७ साली 'आनंद विकटन' या साप्ताहिकाच्या संपादकांना मुखपृष्ठावरच्या एका विनोदी चित्रासाठी विधानसभेने तीन महिन्यांची शिक्षा दिली. ओरड झाल्यावर काही दिवसांत सोडावं लागलं, आणि नंतर मद्रास उच्च न्यायालयाने त्यांना एक हजार रुपये भरपाई देवविली. त्या चित्रामुळे सभागृहाचा जेवढा अपमान झाला असेल त्याच्या कितीतरी पट त्या शिक्षेमुळे झाला, असं माझं मत आहे. कारकुनी मत म्हणा हवं तर.

आपले बाकीचे मुद्दे. गल्लत: राज्यघटनेच्या अनुच्छेद १९४ चा दुसरा खंड आमदारांच्या भाषणाला आणि मताला संरक्षण देतो, तिसरा विशेषाधिकार सांगतो. लेखाच्या दुसऱ्याच परिच्छेदात हे आहे. तिथवर आपण पोचला नाहीत बहुधा. बारा आमदार: जुलै २०२१ मध्ये महाराष्ट्र विधानसभेतून वर्षभरासाठी निलंबन, २८ जानेवारी २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवलं, अधिवेशनापलीकडे निलंबन टिकत नाही म्हणून. यात माझ्या विरोधात काय आहे? २०२४ चा निकाल, म्हणजे सीता सोरेन खटला: लाच घेऊन मत देणाऱ्याला विशेषाधिकाराचं कवच नाही, असं सात न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं आणि तसं कवच देणारा सर्वोच्च न्यायालयाचाच १९९८ चा निकाल मोडीत काढला. विशेषाधिकार सांगायचा तर त्याचा सभागृहाच्या कामाशी संबंध दाखवावा लागेल, हेही त्याच निकालात आहे. राहिलेला 'अर्धा अर्थ' कोणता ते आपणही लिहिलेलं नाही, तेव्हा मी कशाला शोधत बसू?

हे अधिकार कायद्याने ठरवून घ्या असं घटना १९५० पासून म्हणते आहे. संसदेने अजून तसा कायदा केलेला नाही. माझ्या लेखातली मुख्य मागणी तीच होती, आणि एवढ्या लांब प्रतिक्रियेत तिच्यावर आपलं एक अक्षरही नाही.

पुढच्या आठवड्यात मुंबईचे खासदार एच. जी. मुद्गल यांच्याबद्दल लिहिणार आहे. सराफा व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून पैसे घेऊन संसदेत त्यांची बाजू मांडल्याचा ठपका त्यांच्यावर आला, आणि १९५१ मध्ये खुद्द नेहरूंनी त्यांच्या हकालपट्टीचा ठराव मांडला होता. त्यावरही प्रतिक्रिया जरूर द्या. लेख शेवटपर्यंत वाचून, आणि शक्य झाल्यास स्वतःच्या नावाने.