‘सगळ्यात टॉपचा घ्या’ या मेसेजला उत्तर

कॉलेजच्या प्रवेशाचे दिवस आले की एक मेसेज न चुकता फिरायला लागतो. थोडक्यात तो असा: लॅपटॉप एकदाच घ्यायचा असतो, हात आखडता घेऊ नका. प्रोसेसर किमान इंटेलचा आय७, जमल्यास आय९. रॅम (चालू काम हाताशी ठेवणारी मेमरी) डोळे मिटून ३२ जीबी. स्क्रीन फोर-के ओएलईडी. वेगळं ग्राफिक्स कार्ड हवंच. एसएसडी (फाइली साठवायची डिस्क) कंपनीकडूनच २ टीबीची. ‘एआय पीसी’चा शिक्का बघून घ्या. एवढी डोकेफोड नको असेल तर सरळ मॅकबुक. मग पदवी हातात पडेपर्यंत बघायला नको.

जास्त पैसे घालायला माझा विरोध नाही. आक्षेप आहे तो प्रत्येक रकान्यातला सगळ्यात मोठा आकडा उचलण्याला. लॅपटॉपमध्ये जागा, वीज आणि उष्णता बाहेर टाकायची सोय या तिन्ही गोष्टी मोजूनमापून असतात. एका भागाला जास्त दिलं की दुसऱ्याचं कापलं जातं. आता एकेक मुद्दा घेऊ.

‘आय७ म्हणजे आय५पेक्षा भारीच.’

लोक पहिला आकडा वाचून थांबतात, शेवटचं अक्षर वाचतच नाहीत. इंटेलचे आय७-१३५५यू आणि आय५-१३५००एच शेजारी ठेवा. पहिल्यात २ मोठे आणि ८ छोटे कोअर (प्रोसेसरमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग), मूळ वीजमर्यादा १५ वॉट. दुसऱ्यात ४ मोठे आणि ८ छोटे, मर्यादा ४५ वॉट. व्हिडिओ रेंडर करायला किंवा मोठा प्रोजेक्ट कंपाइल करायला बसलात तर हा ‘धाकटा’ आय५ पुढे निघून जातो. दिवसभर नोट्स, पीडीएफ आणि ब्राउझर एवढंच असेल तर मात्र ‘यू’ बरा, कारण तो बॅटरी जपून वापरतो.

इंटेलची प्रतिस्पर्धी एएमडी हिने २०२३ मध्ये आणलेल्या प्रोसेसर-क्रमांकांत याहून मोठी गंमत आहे. रायझन ५ ७५२०यू या नावातला ७ बघून नवी पिढी वाटते. पण बघायचा तो तिसरा आकडा. तो २ आहे, म्हणजे आत झेन २, २०१९ ची रचना. रायझन ७ ७८४०यू मध्ये तिसरा आकडा ४, म्हणजे झेन ४. दोन्हींवरचं स्टिकर बघून हा फरक कळत नाही.

आणि आय९? जाडजूड, दोन मोठे पंखे असलेल्या मशीनमध्ये तो शोभतो. पातळ लॅपटॉपमध्ये सुरुवातीला जोरात धावतो, मग तापतो आणि स्वतःचा वेग स्वतःच खाली आणतो. रिव्ह्यू वाचताना पहिल्या चाचणीचा आकडा सोडा. अर्धा तास सलग ताण दिल्यावर काय उरलं आणि पंखा किती ओरडला, ते शोधा. लायब्ररीत बसायचं असेल तर दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा.

‘रॅम ३२ जीबीच घ्या.’

इथे मेसेज अर्धा बरोबर आहे, आणि खरं भांडण याच मुद्द्यावर आहे. ब्राउझरचे वीस-पंचवीस टॅब, ऑफिस, व्हिडिओ कॉल, थोडं प्रोग्रॅमिंग याला १६ जीबी पुरते. व्हर्च्युअल मशीन (संगणकाच्या आत चालणारा दुसरा संगणक), अँड्रॉइड एम्युलेटर, मोठे डेटासेट, फोर-के व्हिडिओ एडिटिंग असं काही अभ्यासात येणार असेल तर ३२ घ्या. पण किती घ्यायची याच्याही आधी विचारायला हवं की नंतर वाढवता येते का.

पातळ आणि महागड्या लॅपटॉपमध्ये बहुतेकदा एलपीडीडीआर५एक्स प्रकारची रॅम असते आणि ती बोर्डावर सोल्डर केलेली, म्हणजे कायमची चिकटवलेली असते. इंटेलच्या कोअर अल्ट्रा २००व्ही मालिकेत तर रॅम प्रोसेसरच्याच पॅकेजवर बसवलेली आहे, १६ किंवा ३२ जीबी, तिसरा पर्याय नाही. मॅकबुकचंही तेच, जी घ्याल ती शेवटपर्यंत. मौज अशी की साध्या, जाड लॅपटॉपमध्ये ही सोय अनेकदा सापडते आणि प्रीमियममध्ये नसते.

तपासायला अर्धा मिनिट लागतं. डेमो मशीनवर टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये जाऊन मेमरीवर क्लिक करा. खाली ‘फॉर्म फॅक्टर’समोर ‘रो ऑफ चिप्स’ असं दिसलं तर रॅम सोल्डर केलेली आहे. ‘एसओडिम’ दिसलं तर ती काढता-घालता येते. त्याच जागी ‘स्लॉट्स यूज्ड’समोर दोनपैकी एक दिसला तर आत्ता १६ घेऊन पुढे दुसरी पट्टी टाकायची सोय आहे. फक्त एकच पट्टी असताना प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सचा वेग बराच पडतो, कारण ते ग्राफिक्स याच रॅमवर जगतात. त्यामुळे दुसरी पट्टी फार लांबवू नका.

तेव्हा माझं म्हणणं असं: सोल्डर केलेली असेल आणि विषय जड असेल तर ३२ आत्ताच घ्या, हवं तर प्रोसेसर एक पायरी खाली आणा. प्रोसेसर थोडा हळू असला तर काम उशिरा संपतं. रॅम कमी पडली तर सगळं मशीनच अडखळायला लागतं.

‘एसएसडी कंपनीकडूनच २ टीबीची घ्या.’

कशाला? विंडोज लॅपटॉपमध्ये एसएसडी बहुधा एम.२ स्लॉटमध्ये असते, मागचं झाकण उघडून बदलता येते. ५१२ जीबी किंवा १ टीबी घ्या, भरली की बदला. ऑर्डर करताना कंपन्या याच वाढीवर भरमसाट पैसे लावतात. एवढं मात्र बघा की स्लॉट २२८० (२२ मिलिमीटर रुंद, ८० मिलिमीटर लांब) आहे की आखूड २२४२ किंवा २२३० चा, म्हणजे पुढे भलतीच पट्टी आणली जायची नाही. मॅकबुकला हे लागू नाही. तिथे स्टोरेजही घ्याल तेवढंच राहतं, आणि सर्वांत छोटा पर्याय कधी कधी हळूही असतो. २०२२ च्या, ॲपलच्या एम२ प्रोसेसरवाल्या मॅकबुक एअरच्या २५६ जीबी मॉडेलमध्ये साठवणीच्या दोनाऐवजी एकच चिप होती आणि वाचनाचा वेग त्याआधीच्या एम१ च्या जवळपास निम्म्यावर आला होता.

‘स्क्रीन फोर-के ओएलईडीच.’

१४ इंची स्क्रीनवर २८८० बाय १८०० इतके पिक्सेल असले तरी इंचाला सुमारे २४३ होतात. हातभर अंतरावरून त्यातला एक पिक्सेल वेगळा ओळखून दाखवा. त्यापुढचे पिक्सेल डोळ्यांना दिसत नाहीत, बॅटरीला मात्र जाणवतात. ओएलईडीचे रंग सुंदर असतात यात वाद नाही. पण अनेक ओएलईडी पडदे उजेड कमी केला की वेगाने उघडझाप करून अंधुकपणा आणतात आणि काहींचं त्याने डोकं दुखतं. शिवाय टास्कबारसारखं तेच ते चित्र वर्षानुवर्षं एकाच जागी राहिलं तर डाग पडायची शक्यता राहते.

विद्यार्थ्याने स्क्रीनमध्ये बघायचं ते वेगळंच. १६:१० चं प्रमाण, म्हणजे पीडीएफच्या चार ओळी जास्त दिसतात. खिडकीशेजारी बसायचं तर किमान ४०० निट्स उजेड. आणि माहितीपत्रकात ‘४५ टक्के एनटीएससी’ (पडदा किती रंग दाखवतो याचं माप) असं लिहिलं असेल तर ते मॉडेल सोडून द्या, रंग धुतल्यासारखे फिके दिसतात. डिझाइनवाल्यांनी तर १०० टक्के एसआरजीबीच्या (संगणकावरच्या रंगांचा प्रमाण संच) खाली उतरूच नये.

‘ग्राफिक्स कार्ड हवंच.’

वाणिज्य, कला, विधी, वैद्यक यांना नको. प्रोग्रॅमिंग शिकायलाही नको. त्रिमितीय रेंडरिंग, मोठी सीएडी असेंब्ली (यंत्रांचे संगणकावरचे आराखडे), गेम डेव्हलपमेंट यांना हवं. मशीन लर्निंगवाल्यांना कूडा (गणितं ग्राफिक्स कार्डावर चालवणारी एनव्हिडियाची प्रणाली) लागतं, म्हणजे एनव्हिडियाच, पण सुरुवातीचा अभ्यास ब्राउझरमधून चालणाऱ्या गूगल कोलॅबवरही निभतो. घेतलंच तर कार्डाला किती वॉट मिळतात ते विचारा. लॅपटॉपमधलं एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०६० हे ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत कुठेही बसवलेलं असतं. नाव एकच, काम मात्र फार वेगळं. आणि मोठ्या चार्जरसकट जवळपास तीन किलोचं ते ओझं रोज खांद्यावर कोण वागवणार, हेही घरी बोलून घ्या.

‘नाहीतर सरळ मॅकबुक.’

मॅकबुक एअर उत्तम मशीन आहे. पंखा नाही, आवाज नाही, बॅटरी दिवसभर चालते. पण सॉलिडवर्क्स, रेव्हिट आणि आर्कजीआयएस प्रो ही यंत्ररचना, इमारती आणि नकाशांची सॉफ्टवेअर फक्त विंडोजसाठी आहेत, आणि ॲपलच्या स्वतःच्या चिप आल्यापासून मॅकवर विंडोज टाकायचा बूट कॅम्पचा रस्ताही बंद आहे. उलट आयफोनची ॲप बनवायची तर त्यासाठीचं सॉफ्टवेअर एक्सकोड फक्त मॅकवर चालतं. विभागाची सॉफ्टवेअर यादी मिळेपर्यंत थांबा. वरच्या वर्गातल्या एखाद्याला विचारलं तरी चालेल. स्नॅपड्रॅगनवाल्या (इंटेल-एएमडीपेक्षा वेगळ्या, मोबाइलसारख्या चिपच्या) विंडोज लॅपटॉपलाही हाच नियम, कारण प्रयोगशाळेतल्या जुन्या उपकरणांचे ड्रायव्हर तिथे चालतीलच असं नाही.

‘एआय पीसी’च्या शिक्क्याबद्दल दोन ओळी पुरेत. मायक्रोसॉफ्टच्या कोपायलट प्लस या शिक्क्यासाठी ४० टॉप्सचा (वेगाचं माप) एनपीयू, म्हणजे एआयच्या कामांसाठीचा वेगळा भाग, आणि किमान १६ जीबी रॅम लागते. तो असला तर असू दे. चॅटबॉटला प्रश्न विचारायला त्याची गरज नाही, ते काम इंटरनेटपलीकडच्या सर्व्हरवर होतं.

‘मग पदवीपर्यंत बघायला नको.’

बघायला लागतंच. सगळ्यात आधी बॅटरी थकते. ७० वॉट-अवरची बॅटरी ७ वॉट खाणाऱ्या मशीनला दहा तास पुरते, २० वॉट खाणाऱ्याला साडेतीन तास. मोठमोठे आकडे गोळा केले की मशीन कोणत्या बाजूला सरकतं ते यावरून कळेल. वसतिगृहात दिवसभर चार्जरला लावून ठेवणार असाल तर कंपनीच्या ॲपमध्ये चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर ठेवा. झाकण मिटल्यावर ‘स्लीप’ऐवजी ‘हायबरनेट’ (काम डिस्कवर जपून मशीन पूर्ण बंद करणं) निवडा. आजकालची विंडोज मशीन झोपेतही मधूनच जागी होतात, आणि मग वर्गात बॅग उघडली की आत गरम लॅपटॉप आणि संपलेली बॅटरी.

वॉरंटी बहुधा एकच वर्षाची असते. स्क्रीनमधले जास्तीचे पिक्सेल सोडून त्या पैशात अपघाती नुकसानीसकट तीन वर्षांची वॉरंटी येत असेल तर ती घ्या. कॉलेजात लॅपटॉप पडतो, त्यावर चहा सांडतो. एक गोष्ट पहिल्याच आठवड्यात करा. विंडोज ११ मायक्रोसॉफ्ट अकाउंटने सुरू केलं की डिस्क बहुधा आपोआप एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद होते आणि तिची ४८ आकडी रिकव्हरी की त्याच अकाउंटमध्ये जाते. सेटअप दुकानदाराने किंवा दादाने स्वतःच्या अकाउंटवरून करून दिला असेल तर ती की त्यांच्याकडे राहते. ती शोधा आणि कागदावर उतरवून ठेवा. दुरुस्तीत मदरबोर्ड बदलला तर विंडोज सुरू होताना सगळ्यात आधी तीच मागेल.