काट्याचा कॉम्प्युटर हातानंच सुरू करत जा, भाऊ

कापसाच्या जिनिंगवर गाड्यांचं वजन करायच्या काट्याचा कॉम्प्युटर, गेलेली लाइन (वीज) परत आल्यावर, आपला आपण उठून कामाला लागला, तर त्याला रोज उठवणाऱ्या पोट्ट्याला चहा कोण विचारेल? आधी याचा विचार करा.

तशी मांडणी साधी असते. काट्याच्या इंडिकेटरमधून, म्हणजे वजनाचे आकडे दाखवणाऱ्या डब्यातून, सिरियल केबल निघते आणि यूएसबी कन्व्हर्टरमधून कॉम्प्युटरात शिरते. तिथं एक छोटा प्रोग्राम वजन वाचून डेटाबेसात टाकतो आणि पावती छापतो. म्हणजे मागच्या मागे दोन सर्व्हिस चालू पाहिजेत, डेटाबेसची आणि वजनाची. कापसाच्या हंगामात लाइन जाते, येते, परत जाते. दर वेळी या दोघी झोपतात. त्यांना हातानं उठवणं हाच तर मान आहे.

सुरुवात बायोसपासून, म्हणजे मशीन उठताना आधी वाचल्या जाणाऱ्या सेटिंगांपासून, करा. लाइन गेल्यावर परत आली तर मशीननं काय करावं, हे विचारणारी एक सेटिंग बहुतेक मदरबोर्डांत असते. ती बंदवरच राहू द्या. 'पॉवर ऑन' केली तर बटण दाबायला माणूस लागत नाही, आणि मग माणूस कशाला?

प्रोग्राम टर्मिनलच्या काळ्या खिडकीत चालवा आणि मॉनिटरवर चिठ्ठी चिकटवा: 'ही खिडकी बंद करू नये'. कोणी तरी करतंच. ज्यांना जास्त शिकल्यासारखं दाखवायचं आहे त्यांनी कमांडच्या आधी 'नोहप' आणि शेवटी '&' लावावं. खिडकी बंद झाली तरी प्रोग्राम चालतो, मशीन बंद झालं की मात्र तोही जातो आणि कोणाला पत्ताही लागत नाही.

एखादा शहाणा म्हणेलच, की लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टमवर सर्व्हिस सुरू करून सांभाळणारा सिस्टमडी २०१० पासून आहे, 'इटीसी/सिस्टमडी/सिस्टम' या फोल्डरात दहा ओळींची एक फाइल टाकली की झालं. त्याच्याशी वाद घालू नका. फाइल लिहा, पण अशी लिहा की पोट्ट्याचं काम शाबूत राहील.

'एक्झेकस्टार्ट'च्या, म्हणजे कोणता प्रोग्राम चालवायचा हे सांगणाऱ्या, ओळीत शेवटी सवयीनं '&' ठेवा. ही ओळ शेलमधून, म्हणजे टर्मिनलमधल्या कमांड वाचणाऱ्या प्रोग्राममधून, जात नाही, त्यामुळे ते चिन्ह प्रोग्रामलाच शब्द म्हणून मिळतं आणि तो गोंधळतो. नाही तर प्रोग्रामला मागं ढकलून स्वतः संपणारी स्क्रिप्ट द्या. मुख्य प्रक्रिया संपली असं समजून सिस्टमडी त्या गटातल्या सगळ्यांनाच मारतो, आणि तुम्ही दुपारभर म्हणत बसता, 'आत्ता तर चालू होतं ना बे!'

मग सिस्टमडीला हुकूम देणारी कमांड फक्त 'सिस्टमसीटीएल स्टार्ट' एवढीच करा, 'इनेबल' करू नका. स्टार्ट आजपुरतं असतं, इनेबल दर बूटला, म्हणजे मशीन सुरू होईल त्या दर वेळी. फरक लाइन गेल्यावरच कळतो, तोवर शहाणा आपल्या गावी पोचलेला असतो. फाइल बदलल्यावर ती परत वाचायला लावणारं 'डेमन-रीलोड'ही टाळा, म्हणजे जुनंच चालत राहील आणि नवी दुरुस्ती बेकार ठरेल.

सगळ्यात गुणी जागा 'रिस्टार्ट'ची. 'रिस्टार्ट=ऑलवेज' (पडली की परत उठव) लिहा आणि 'रिस्टार्टसेक' (किती सेकंदांनी) सोडून द्या. मग दोन प्रयत्नांमध्ये थांबा फक्त १०० मिलिसेकंदांचा. लाइन अचानक गेली असेल तर डेटाबेस उठल्यावर आधी आपली अर्धवट कामं निस्तरतो, त्याला काही सेकंद लागतात. तेवढ्यात वजनाची सर्व्हिस पाच वेळा दार वाजवून पडते, आणि १० सेकंदांत पाचाची मर्यादा असल्यामुळे सिस्टमडी हात जोडून बाजूला होतो. 'रिस्टार्टसेक=५' लिहिलं असतं तर ही मर्यादा कधी गाठलीच गेली नसती. म्हणून लिहू नका. 'आफ्टर'मध्ये डेटाबेसचं नाव टाकून निश्चिंत व्हा. आफ्टर नुसता क्रम सांगतो, बोलावून आणत नाही. त्यासाठी 'वॉन्ट्स' लागतं.

लिनक्सनं कन्व्हर्टरला दिलेलं नावही जसं आहे तसंच ठेवा, 'टीटीवाययूएसबी०'. झाडू मारताना केबल निघाली आणि परत खोचली, तर जुनं नाव प्रोग्रामनं धरून ठेवल्यामुळे नवं '१' होऊ शकतं. जोडलेल्या उपकरणांची नावं सांभाळणाऱ्या यूडेव्हचा एक नियम त्याला कायमचं नाव देऊ शकतो, पण मग 'कन्व्हर्टर काढून लाव, मशीन रिस्टार्ट कर' हे अनुभवाचे बोल कोणी ऐकायचे?

बॅकअप रात्री २ वाजता क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या प्रोग्रामात. जिनिंग तेव्हा बंद, मशीनही बंद, आणि क्रॉन चुकलेलं काम भरून काढत नाही. सिस्टमडीच्या टायमरला 'पर्सिस्टंट=ट्रू' दिलं तर मशीन सुरू झाल्यावर राहिलेलं काम तो करतो. नको ती सवय.

हिंगणघाट, वणी, पांढरकवडा अशा तीन ठिकाणी काटे असतील तर तिन्ही मशीन वेगवेगळी लावा. २०१२ पासून अनेक मशीन सारखीच लावून देणारं अ‍ॅन्सिबल आहे, एकच प्लेबुक (कामांची यादी) तिन्हीकडे चालवता येतं, आणि दुसऱ्यांदा चालवलं तर जे बरोबर आहे त्याला हातही लावत नाही. असं झालं तर वणीचा पोट्टा हिंगणघाटच्या मशीनपुढे अडाणी ठरणार नाही. चालेल का तुम्हाला?

राहिला त्याच्या सुटीचा प्रश्न. तो चिखलदऱ्याला गेला आणि फोनला रेंज नाही, तर मॉनिटरवरची चिठ्ठी बघा. पासवर्ड तिथं आहे, तिसऱ्या कमांडवर चहा सांडला आहे. गाड्यांची रांग रोडपर्यंत गेली आणि शेतकरी दादा 'काहून थांबवून राहिले?' असं विचारायला लागले, की 'येऊनच राहिला तो' म्हणा आणि कच्च्या चिठ्ठ्या फाडायला घ्या. इंडिकेटरचे लाल आकडे दिसतातच, ते लिहा. गाडी रिकामी झाल्यावर तिचंही वजन तेवढं आठवणीनं घ्या. ती एकदा फाटकाबाहेर पडली की कापूस किती होता हे पोट्टा आला तरी सांगू शकणार नाही.